बंद घाट आणि मिटलेले फुप्फुस

करूळ घाटात दरड कोसळली म्हणजे काय होते, हे फोंडाघाटच्या श्रोत्यांना आम्ही सांगावयास नको. तिकडची वाहने आपल्या घाटाकडे वळतात. माल अडकून पडत नाही. आपला रस्ता मात्र गजबजतो. माणसाच्या छातीतही अशीच व्यवस्था आहे.

शरीराच्या इतर भागांत प्राणवायू कमी पडला की तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात. उपाशी भागाला रक्त अधिक हवे असते. फुप्फुसाची रीत उलटी. येथे रक्त प्राणवायू द्यायला नव्हे, तर घ्यायला येते. ज्या कप्प्यात हवाच नाही तेथे रक्त पाठवून उपयोग काय? म्हणून त्या कप्प्याकडे जाणाऱ्या बारीक धमन्यांचे स्नायू काही सेकंदांतच आवळू लागतात आणि रक्त हवेशीर भागाकडे वळते. स्टॉकहोमचे फॉन ऑयलर व लिलयेस्ट्रांड यांनी १९४६ साली मांजरांवरील प्रयोगांतून हे दाखवले. याला मेंदूचा हुकूम लागत नाही. शरीराबाहेर काढून जिवंत ठेवलेले फुप्फुसही हेच करते.

छातीच्या पोकळीत हवा शिरली किंवा श्वासनलिका कफाने तुंबली, तर फुप्फुस मिटते. क्षयावर गुणकारी औषधे नव्हती तेव्हा इटलीच्या फोर्लानिनी यांच्या पद्धतीने डॉक्टर मुद्दाम सुईने हवा भरून रोगट फुप्फुस मिटवीत, त्याला विश्रांती देत. मग रोगी जगे कसा? दुसरे फुप्फुस भार उचली, हे खरेच. पण मिटलेल्या बाजूचे बरेचसे रक्तही तिकडे वळे. ते वळले नसते, तर प्राणवायूवाचून तसेच परतून चांगल्या रक्तात मिसळले असते.

मात्र ही सोय एखादा घाट बंद असेपर्यंतच. सगळेच घाट अरुंद झाले तर?

आपल्या कणकवली तालुक्यात कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर सिलिकोसिस होतो. दोन्ही फुप्फुसांत गाठी धरतात. रोग वाढला की जागोजाग हवा कमी पडते, जागोजाग धमन्या आवळतात, पुढे त्यांच्या भिंती जाड होतात. हृदयाच्या उजव्या बाजूला रक्त लोटण्यास अधिकाधिक जोर लावावा लागतो. शेवटी ती थकते आणि पायांवर सूज येते.

चढणीवर धापा टाकीत बसलेल्या अशाच एका कामगाराला मुकादमाने ‘कामचुकार’ म्हटलेले आम्ही ऐकले आहे. तो बसला होता. पण त्याचे हृदय दोन पाळ्यांचे काम करीत होते.

सिलिकोसिस मुळापासून बरा करणारे औषध नाही. घाटातली दरड उपसता येते, छातीतली येत नाही. म्हणून धूळ उडण्याआधी तिच्यावर पाणी मारले जाईल, हे पाहा. आणि ठराविक मुदतीने छातीच्या क्ष-किरण तपासणीची मागणी करा. मालकाची ती मेहेरबानी नव्हे, कामगाराचा तो हक्क आहे.