पहिला हप्ता आणि पहिला दिरहम : लेखांक पाचवा

अबूधाबीच्या बेटावरून पूल ओलांडून मुख्य भूमीवर आले की मुसफ्फा लागते. गॅरेजे, पोलादाचे कारखाने आणि गोदामे यांच्या दाटीत माती, पाणी व काँक्रीट तपासणाऱ्या ज्या प्रयोगशाळा येथे आहेत, त्यांच्या हजेरीपटावर कोकणातील व ठाणे-रायगडाकडील नावे अधूनमधून आढळतात. आणि गेल्या लेखांकात अभियांत्रिकीच्या कर्जाचा जो जमाखर्च आपण मांडला, तोच रसायनशास्त्राच्या पदवीला लावून पाहण्यास याहून सोयीचे स्थळ मला तरी सुचत नाही.

किनाऱ्यालगतची येथील भूमी सब्खा जातीची, म्हणजे आपल्या खाजणासारखी क्षारांनी भरलेली. तिच्यातील क्लोराइड पायातल्या सळ्या गंजवते आणि सल्फेट काँक्रीट पोखरते, म्हणून पाया भरण्यापूर्वी मातीचा नमुना प्रयोगशाळेत येतो. तेथे केमिस्ट ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडीत राहतो, आणि क्रोमेटमुळे पिवळे दिसणाऱ्या द्रावणावर आलेली विटकरी झाक फ्लास्क हलवूनही जाईनाशी झाली की तोटी बंद करून आकडा टिपतो. हा प्रयोग त्याने एखाद्या अनुदानित महाविद्यालयात, माफक शुल्कात, बी.एस्सी.च्या वर्गातच केलेला असतो. कर्ज होते ते बहुधा पुढच्या पायरीवर, खाजगी विद्यापीठाच्या एम.एस्सी.साठी, मुलाखतीत मात्र विचारणा होते ती कोणती उपकरणे हाताळली आणि किती वर्षे हाताळली, याची. संशोधनाकडे वळणाऱ्याची गोष्ट निराळी. एरवी कर्ज काढून घेतलेल्या महागड्या एम.एस्सी.विषयी माझे मत प्रतिकूल आहे, हे येथेच नमूद करून ठेवतो.

आता हिशेब. दरसाल 3 लाख याप्रमाणे दोन वर्षांसाठी 6 लाख रुपये, 10 टक्के व्याजाने घेतले असे गृहीत धरू. शिक्षणकाल आणि त्यापुढील एक वर्ष बँक हप्ता मागत नाही, पण व्याज थांबत नाही. सरळव्याजाने धरले तरी ते दीड लाख होते, आणि हप्ते सुरू होण्याच्या दिवशी देणे साडेसात लाखांवर गेलेले असते. दहा वर्षांच्या मुदतीने त्याचे दरमहा सुमारे 9,900 रुपये पडतात, म्हणजे एकंदर फेड बारा लाखांच्या घरात जाते. मुसफ्फ्यात कंपनीच्या निवासासह 3,000 दिरहम वेतन व दिरहमास 23 रुपये हा भाव धरला, तर हप्ता साधारण 430 दिरहमांचा, म्हणजे वेतनाचा सातवा हिस्सा; वेतनावर तेथे प्राप्तिकर नाही, आणि मेस, फोन व किरकोळ खर्च वजा जाऊनही घरी धाडण्यास बऱ्यापैकी बाकी उरते. एवढेच पाहून पुष्कळ पालक कर्जखतावर सही करतात.

परंतु दिरहम लगेच हाती येत नाही. नवशिक्यास आखातात सहसा कोणी विचारीत नाही. दोन-तीन वर्षे लोटे परशुराम, महाड वा अंबरनाथ येथील एम.आय.डी.सी.त काढावी लागतात, आणि तेथे 20,000 रुपये पगार धरला तर अर्धा हप्त्यातच जातो, उरल्यात खोलीभाडे व जेवण भागत नाही, म्हणून हप्ता वडिलांच्या गळ्यात पडतो. ज्याला पगार आणि मुद्दल यांची तुलना करावयाची सवय लागली आहे, त्याच्या नजरेतून पहिला हप्ता आणि पहिला दिरहम यांमधील हा काळ नेमका निसटतो. माझ्या मते मात्र सगळा निवाडा त्यावरच ठरतो. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर जुन्या करपद्धतीत जी वजावट मिळते, तिचाही या मुलास उपयोग नाही, कारण एम.आय.डी.सी.त असताना त्याचे उत्पन्न करपात्र नसते आणि मुसफ्फ्यास गेल्यावर भारतात उत्पन्नच नसते.

त्यातच दुसरे कर्ज येऊन मिळते. भरती एजंटास भारतीय नियमांनुसार 30,000 रुपये व त्यावरील जी.एस.टी. यांहून अधिक घेता येत नाही, आणि अमिरातीच्या कायद्याने तर भरतीचा खर्च कामगाराकडून घेण्यासच मनाई आहे. तथापि सब-एजंट म्हणविणारा लाखाची गोष्ट करतो, आईच्या बांगड्या तारण पडतात, आणि हे देणे कोणत्याच बँकेच्या खात्यात दिसत नाही.

विनिमयदराने ऋणकोची बाजू घेतली आहे, हे कबूल केले पाहिजे. 1966 पर्यंत अबूधाबीत रुपयाच, आणि 1959 पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी काढलेला वेगळा रुपया, चलनात होता. दिरहम आला 1973 साली. आज डॉलरला 3.6725 दिरहम हा दर बांधलेला असल्यामुळे रुपया घसरला की दिरहम महागतो: 2011 च्या आरंभी बाराच्या आसपास असलेला दिरहम 2024 अखेरीस तेवीसच्या घरात होता. मात्र नोकरी सुटली की व्हिसाही जातो, आणि बँकेचा तगादा सहकर्जदार वडिलांकडे सुरू होतो.

नेमणुकीच्या पत्रात म्हणूनच मूळ वेतनाचा आकडा आधी पाहावा. सेवेच्या पहिल्या पाच वर्षांत ग्रॅच्युइटी दरसाल 21 दिवसांच्या मूळ वेतनाइतकी असते. 3,000 पैकी मूळ वेतन 1,800 असेल तर ती 1,260 दिरहम होते, म्हणजे वर्षाकाठी जवळजवळ तीन हप्ते, आणि मूळ वेतन 1,000 वर आणून बाकीचे भत्ते केले असतील तर दीडच. पुढील आठवड्यात परिचर्येच्या पदवीचा हिशेब पाहू.