शब्दांशिवाय हसवणारी चित्रं 🎨

शि. द. फडणीसांची ‘हसरी गॅलरी’ पाहून रात्रीच्या एसटीने चिखलीला परतलो. डोळ्यांपुढे अजून तीच चित्रं! २९ जुलै १९२५ला भोज गावी जन्मलेल्या या चित्रकाराची बहुतेक हास्यचित्रं शब्दांविना बोलतात.

ते गाजलेलं मुखपृष्ठ आठवा: शेजारी उभे तरुण-तरुणी, एकाच्या कपड्यांवर मांजरं, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर. बस्स, पुढची गोष्ट आपणच रचतो! रेषा मोजक्या, रंग सपाट, कुणाचीही टवाळी नाही.

घरी येताच वही काढली. पहिलं चित्र आठवडी बाजाराचं: छत्री कलिंगडांवर, विक्रेता उन्हात. खाली ओळ लिहिली नाही. आईने पाहिलं अन् खुदकन हसली. जमलं की!

तुम्हीही एक चित्र शब्दांविना काढून बघा.

#हास्यचित्र #बुलढाणा