असंबद्ध निष्कर्ष

असंबद्ध निष्कर्ष म्हणजे दिलेल्या आधारविधानांतून निष्पन्न न होणारा निष्कर्ष होय. तर्कशास्त्रात या दोषास 'नॉन सेक्विटर' हे लॅटिन नाव रूढ असून 'त्यातून निघत नाही' असा त्याचा अर्थ आहे. आधीच्या बोलण्याशी संबंध नसलेल्या उद्गारासही हीच संज्ञा लावली जाते.

स्वरूप

हा दोष विधानांच्या खरेखोटेपणाचा नसून त्यांना जोडणाऱ्या दुव्याचा आहे. 'सर्व गायी सस्तन आहेत. देवमासा सस्तन आहे. म्हणून देवमासा समुद्रात राहतो' यातील तिन्ही विधाने खरी आहेत. परंतु पहिल्या दोहोंवरून तिसरे सिद्ध होत नाही. अशा युक्तिवादातील दोष दाखविल्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही, तो केवळ असिद्ध राहतो. दोष दिसला म्हणून निष्कर्षही खोटा मानणे हा स्वतःच एक असंबद्ध निष्कर्ष होय.

प्रकार

काही युक्तिवादांची रचनाच सदोष असते. 'पाऊस पडला की अंगण भिजते. अंगण भिजले आहे. म्हणून पाऊस पडला' हे त्याचे उदाहरण. अंगण सडा टाकल्यानेही भिजते. ओल्या जमिनीवरून पावसाचे अनुमान करण्याचे उदाहरण अ‍ॅरिस्टॉटलने याच संदर्भात दिले आहे.

दुसऱ्या प्रकारात मूळ मुद्दा सोडून भलतेच सिद्ध केले जाते. नळाला पाणी का येत नाही, असे ग्रामसभेत विचारले असता मंदिराच्या जीर्णोद्धाराचे वर्णन करणे हे उत्तर नव्हे. वर्णन खरे असले तरी प्रश्न अनुत्तरित राहतो.

'ढग आले आहेत, छत्री घे' या वाक्यात मात्र दोष नाही. तेथे एक आधारविधान सर्वज्ञात म्हणून अध्याहृत ठेवलेले असते.

भारतीय विचार

गौतमाच्या न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात वादातील पराजयाची २२ निग्रहस्थाने सांगितली आहेत. त्यांतील 'अर्थांतर' म्हणजे प्रस्तुत विषय सोडून अन्य बोलणे. वात्स्यायनाच्या भाष्यातील वादी शब्द नित्य आहे हे सिद्ध करता करता 'हेतु' या पदाची व्युत्पत्ती सांगू लागतो. 'अपार्थक' या निग्रहस्थानात पदांचा परस्परांशी अन्वयच लागत नाही. दहा डाळिंबे, सहा अपूप अशी यादी त्याचे उदाहरण म्हणून येते. विषयांतर करणारा चतुर नव्हे, तर पराजित मानला जाई, हे येथे लक्षणीय आहे.

मराठीतील वाक्प्रचार

क्षुल्लक खुणेवरून मोठा निष्कर्ष काढण्यास 'सुतावरून स्वर्ग गाठणे' म्हणतात. ओढूनताणून जोडलेल्या नात्यास 'बादरायण संबंध' म्हणतात. आमच्या गाडीचे चाक बोरीच्या लाकडाचे आणि तुमच्या दारी बोरीचे झाड, म्हणून आपण आप्त, अशी त्यामागील कथा आहे. बोरीस संस्कृतात 'बदरी' म्हणतात.

साहित्यातील उपयोग

विनोदात व असंगत नाट्यात असंबद्धता हेतुपुरस्सर योजली जाते. युजीन आयनेस्कोच्या 'द बाल्ड सोप्रानो' (प्रथम प्रयोग १९५०) या नाटकातील संवाद त्यासाठी प्रसिद्ध आहेत.

दोष ओळखणे

युक्तिवादातील 'म्हणून' या शब्दापाशी थांबावे. आधीची सर्व विधाने मान्य करूनही नंतरचे विधान नाकारता येते का, हे पाहावे. तसे नाकारता येत असेल आणि मधले कोणतेही सर्वमान्य विधान अध्याहृत नसेल, तर निष्कर्ष असंबद्ध समजावा.