माळशेजमार्गे की चाकणमार्गे?

नारायणगावहून टोमॅटोचे दोन टेम्पो एकाच वेळी वाशीला निघाले. एक ओतूरवरून माळशेज घाट उतरला, दुसरा मंचर-चाकण करत लोणावळ्याकडून गेला. दोघांचा वेग सारखा धरला (चाकणच्या ट्रॅफिकने परवानगी दिली तर), तर मागून येणारा किती उशिरा पोचला यावरून त्याचा रस्ता किती लांबचा ते निघतं.

आकाशातही असं घडतं. वाटेत जड दीर्घिका आडवी आली की तिच्या गुरुत्वाकर्षणाने लहरी वळतात आणि एकाच उगमाचा संदेश दोन वाटांनी येतो. कधी मध्ये कित्येक दिवस जातात. दीर्घिकेजवळ वेळही जरा रेंगाळतो, घाटात गाडी रेंगाळावी तसा. त्या दीर्घिकेचं वस्तुमान कसं पसरलंय ते कळलं, तर या उशिरावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढता येतो. स्युर रेफ्सडाल या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने 1964 मध्येच हे सुचवलं होतं. आज त्याची निकड आहे, कारण एका पद्धतीने हा वेग 67 येतो, दुसरीने 73. (दर 32.6 लाख प्रकाशवर्षांमागे, सेकंदाला इतके किलोमीटर.)

अडचण आहे ती घड्याळाची. क्वेसारचा, म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या झगझगत्या केंद्राचा, उजेड हळूहळू कमीजास्त होतो. टेम्पो नेमका कधी सुटला तेच धड कळत नाही. वेगवान रेडिओ स्फोट मात्र टाळीसारखा, काही मिलिसेकंदांत संपणारा. दिवसांचा फरक मिलिसेकंदापर्यंत मोजायचा, म्हणजे चैनच!

आणि नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीने, 45 मीटर व्यासाच्या त्या 30 अँटेनांनी, स्फोट टिपणं आणि दीर्घिकेने वळवलेली लहर पकडणं ही दोन्ही कामं सुटी सुटी केलीत. साधारण सोळा दिवसांच्या पाळीने जागा होणाऱ्या एका उगमाचे 15 स्फोट तिने टिपले. ते 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. जानेवारी 2023 मध्ये याच दुर्बिणीवरचं अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय या खगोलशास्त्रज्ञांचं काम जाहीर झालं: 880 कोटी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची लहर, मधल्या दीर्घिकेने सुमारे तीसपट ठळक केलेली. निघाली तेव्हा 21 सेंटीमीटरची होती. खोडदला पोचेतो विश्वाने ताणून तिची 48 सेंटीमीटर केली.

आता स्फोट आणि भिंग बनणारी दीर्घिका, दोन्ही एकाच रेषेत सापडायला हवीत. एखाद्या स्फोटाची पहिली खेप कदाचित येऊनही गेली असेल, आणि दुसरी अजून घाटात असेल.