रानम्हशीच्या शेणातला पुरावा

गडचिरोलीतलं कोलामार्का आणि पलीकडे छत्तीसगडमधलं इंद्रावतीचं जंगल, मध्य भारतातल्या रानम्हशी आता अशा मोजक्या जागी उरल्या आहेत. पण समोर दिसते ती अस्सल रानम्हैसच, हे कशावरून? गावची जनावरं त्याच रानात चरतात, संकर होतो आणि नुसत्या शिंगांवरून खात्री पटत नाही.

इथे डीएनए कामी येतो. जनावराला बेशुद्ध करायची गरज नाही. ताज्या शेणावर आतड्यातल्या पेशी चिकटलेल्या असतात, तेवढ्या पुरतात. मात्र मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. बाप गोठ्यातला रेडा असेल, तर नुसती मायटोकॉन्ड्रियाची चाचणी फसते. म्हणून पेशीकेंद्रातला डीएनएही तपासावा लागतो.

कळप लहान झाला की जवळच्या नात्यात वीण होते, रेडकं अशक्त निघतात. मग बाहेरून जनावरं आणायची का? छत्तीसगडने 2020 मध्ये आसामच्या मानस अभयारण्यातून रानम्हशी आणल्या. त्याआधी 2014 मध्ये, छत्तीसगडमधल्याच उदंतीच्या जंगलातल्या ‘आशा’ या रानम्हशीचा क्लोन हरियाणातल्या कर्नालला जन्मल्याचंही जाहीर झालं. मला मात्र क्लोनचं फार कौतुक नाही: क्लोन म्हणजे त्याच जनुकांची दुसरी प्रत, आणि कळपाला हवी असते विविधता.