दस्त्याला गेलेला तडा

बंदुकीचा दस्ता म्हणजे नळी आणि चाप ज्यात बसवलेले असतात व जो नेमबाज खांद्याला टेकवतो, तो लाकडी भाग. वरवर तो शोभेचा वाटला, तरी बार उडताना मागे बसणारा सगळा धक्का त्यालाच सोसावा लागतो. बारा बोअरच्या बंदुकीतून ३२ ग्रॅम छरे सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने सुटले, तर तीन किलो वजनाची बंदूक सेकंदाला चार मीटरांहून अधिक वेगाने मागे येऊ पाहते आणि हा जोर धातू लाकडाला जिथे जिथे टेकलेला असतो, तेवढ्याच थोड्या जागांवर येतो. त्यामुळे दस्त्याला गेलेला तडा हा बहुधा लाकडाचा दोष नसून धातू आणि लाकूड यांचा मेळ बिघडल्याची खूण असतो. तो बिघाड न शोधता नुसती भेग चिकटवली, तर ती पुन्हा उघडते.

तडे ठरावीक ठिकाणी जातात. दस्ता मुठीपाशी निमुळता होऊन खाली वळतो, पण लाकडाचे तंतू त्याच्याबरोबर वळत नाहीत; ते तिथे तिरके कापले गेले असतील, तर बंदूक नुसती हातातून पडली तरी मूठ मोडते. म्हणूनच चांगला कारागीर लाकूड निवडतानाच तंतूंचा ओघ मुठीच्या दिशेने जातो की नाही, हे पाहतो. अक्रोडाचे लाकूड चिवट, बेताच्या वजनाचे आणि हवामानाने फारसे न वाकणारे असल्याने दस्त्यासाठी त्याला मान आहे. तरीही कोणतेही लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, आडवे मात्र आटते. स्क्रू सैल पडतात, धातूच्या चौकटीला हालायला जागा मिळते आणि चौकटीची मागे आलेली पट्टी दर बाराला पाचरीसारखी लाकडात घुसू लागते. त्या पट्टीच्या टोकामागे उभी, केसासारखी रेघ दिसू लागली की दुरुस्तीची वेळ आली असे समजावे.

दुसरे कारण तेलाचे आहे, आणि ते मालकाच्या काळजीतूनच उद्भवते. नळी वर करून कपाटात ठेवलेल्या बंदुकीला सढळ हाताने घातलेले तेल वर्षानुवर्षे खाली झिरपते, चौकटीलगतचे लाकूड काळे व मऊ पडते आणि ते धक्क्याखाली दबू लागते. अशा लाकडाला कोणताही गोंद धरत नाही. म्हणून आधी खडूची बारीक पूड ॲसिटोनमध्ये कालवून तिचा लेप लावतात. ॲसिटोन उडून जाताना लाकडातले तेल पुडीत ओढले जाते, लेप पिवळसर-तपकिरी होतो, तो खरवडून पुन्हा नवा लावतात, आणि लेप पांढराच राहीपर्यंत हे चालू ठेवतात. हे काम कंटाळवाणे असले, तरी दुरुस्तीचे निम्मे यश त्यातच असते.

यानंतर भेग हलकेच फाकवून, लाकूड किंचित गरम करून, सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी तिच्या तळापर्यंत पोचवले जाते. दस्ता गोलाकार असल्याने साध्या क्लॅम्पची पकड त्यावर नीट बसत नाही. सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली, तर दाब सर्व बाजूंनी सारखा येतो. मुठीसारख्या जोखमीच्या जागी भेगेला आडवे भोक पाडून आटे पाडलेली पितळी सळई इपॉक्सीत बसवतात आणि तिचे तोंड जुळत्या लाकडाच्या खुंटीने झाकतात. खरे कौशल्य लागते ते पुढच्या टप्प्यात. चौकटीच्या धातूवर काजळीचा पातळ हात देऊन ती लाकडात बसवतात व पुन्हा काढतात; काजळी जिथे उमटते तेवढाच लाकडाचा कण पटाशीने तासतात, आणि धक्का घेणाऱ्या पृष्ठभागांवर डाग सर्वत्र सारखे पडेपर्यंत थांबत नाहीत. मागच्या पट्टीच्या टोकामागे मात्र बारीक फट मुद्दाम राखतात. शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात देतात.

भेग पडण्याआधीच बंदोबस्त करण्याची रीतही जुनी आहे. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यातल्या अनेक ली-एनफील्ड रायफलींत दस्त्याच्या पुढच्या लाकडातून एक आडवा स्क्रू घातलेला दिसतो. लाकूड फाकू नये एवढ्यासाठीच तो असतो. मूठ आडवी, तंतूंवरून तुटून विलग झाली असेल, तर मात्र वापरातल्या बंदुकीला नवा दस्ता बसवणेच योग्य. शिवाय १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायाला परवाना लागत असल्याने हे काम परवानाधारक कारागिराकडेच सोपवावे लागते.

संग्रहालयातल्या तोड्याच्या बंदुकीला वेगळा न्याय लावावा लागतो. तिला धक्का सोसायचा नसतो, म्हणून तिथे न सुटणाऱ्या इपॉक्सीऐवजी ऊब आणि ओलाव्याने पुन्हा सोडवता येणारा सरस वापरणे इष्ट. जुन्या मालकाने मुठीवर आवळलेली तार किंवा कातडी पट्टी कितीही ओबडधोबड असली, तरी ती बंदूक मोडल्यावरही वापरात राहिल्याचा पुरावा आहे. ती काढून दस्ता नव्यासारखा चकचकीत करणे हे त्या वस्तूचे नुकसानच होय.