गोड विष मोटारीतले

पाणी ० अंश सेल्सिअसला गोठते आणि एथिलीन ग्लायकॉल हा द्रव सुमारे उणे १३ अंशांना. मग दोन्ही समभाग मिसळले तर ते मिश्रण केव्हा गोठेल? उणे ६ च्या आसपास, असे तुम्ही म्हणाल. प्रत्यक्षात ते सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही! कारण दोन्हींचे रेणू एकमेकांना स्फटिक रचू देत नाहीत.

पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. लडाखच्या हिवाळ्यात रेडिएटरमध्ये नुसते पाणी असेल, तर तो फुटेल. म्हणून तेथे हे हिमरोधक हवेच. नागपुरात बर्फ पडत नाही. पण हेच मिश्रण सुमारे १०७ अंशांना उकळते आणि त्यातील गंजरोधक द्रव्ये धातू जपतात. गॅरेजमध्ये त्याला कूलंट म्हणतात.

पण हा गुणी द्रव विषारी आहे, आणि चवीला गोड! जमिनीवर सांडलेला द्रव कुत्री-मांजरे चाटतात. शरीरात त्यापासून ऑक्झॅलिक आम्ल तयार होते. कॅल्शियमशी संयोग होऊन त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात आणि ती निकामी होतात. नाल्यात जीवाणू ग्लायकॉलचे विघटन करतात खरे. परंतु त्यासाठी पाण्यातला ऑक्सिजन खर्च होतो आणि मासे गुदमरतात. वापरलेल्या कूलंटमध्ये तांबे, शिसे यांचे अंशही उतरलेले असू शकतात.

मग काय करावे? वाहनाच्या पुस्तिकेत सांगितलेलेच कूलंट घ्यावे. दीर्घकाळ टिकणारे चालत असेल तर उत्तम. ते कमी वेळा बदलावे लागते. प्रॉपिलीन ग्लायकॉलचे कूलंट बरेच कमी विषारी असते. मुलांनी व प्राण्यांनी ते पिऊ नये म्हणून अमेरिकेतील उत्पादकांनी २०१२ मध्ये त्यात कडू द्रव्य मिसळण्याचे स्वेच्छेने मान्य केले. मिश्रणासाठी ऊर्ध्वपातित पाणी वापरावे. साध्या पाण्यातील क्षारांचा थर बसतो. गळती लगेच दुरुस्त करावी आणि सांडलेला द्रव पुसून घ्यावा. काढलेले कूलंट झाकणाच्या डब्यात, नाव लिहून, वेगळे ठेवावे. सरबताच्या बाटलीत कदापि भरू नये. इंजिन ऑइलमध्येही मिसळू नये, कारण शुद्ध केलेले कूलंट पुन्हा वापरता येते, पण तेल मिसळले की ते काम अवघड होते.

गॅरेजमध्ये गेलात की एक प्रश्न अवश्य विचारा : “काढलेले कूलंट कोठे जाते?” उत्तर “गटारात” असे आले, तर त्याचे परिणाम समजावून सांगण्याइतके ज्ञान आता तुमच्यापाशी आहे.